हसणारे वडील, धास्तावलेली आई

कादंबऱ्यांमधली काही कुटुंबं आपल्या अगदी ओळखीची होऊन जातात. त्या घरात कोण कुणावर रुसलं, कुणाचं लग्न कुठे अडलं, जेवताना कोण काय बोललं, हे सगळं शेजारच्या घरातलं असावं तसं आपल्याला ठाऊक असतं. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीतलं बेनेट कुटुंब हे त्यातलंच एक. २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनमध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुस्तकावर लेखिकेचं नावही नव्हतं. आधीच्या कादंबरीच्या लेखिकेचंच हे पुस्तक, एवढाच उल्लेख होता. एलिझाबेथ आणि डार्सी यांची प्रेमकथा म्हणून जगभर ती वाचली जाते. आज मी त्या प्रेमकथेबद्दल थोडंच बोलणार आहे. मला बोलायचं आहे ते एलिझाबेथच्या माहेराबद्दल, तिचे आईवडील, चार बहिणी आणि त्या घरातली नाती यांच्याबद्दल.

मी बरीच वर्षं कॉलेजात ही कादंबरी शिकवली. शिकवून झाली की मुलांना विचारत असे, या घरात तुम्हाला कोण आवडलं? उत्तर दरवर्षी जवळजवळ तेच येई. एलिझाबेथनंतर सगळ्यांचे लाडके म्हणजे वडील. हुशार, पुस्तकांत रमणारे, खोचक बोलणारे. आणि आई? तिचं नाव काढलं की वर्गात खसखस पिके. सतत मुलींच्या लग्नाचा घोष, दुखऱ्या नसांचं गाऱ्हाणं आणि चारचौघांत नको ते बोलण्याची खोड. ही दोन्ही मतं लेखिकेनेच आपल्या मनात रुजवलेली असतात. पण पुढे पुढे तीच लेखिका या मतांना एकेक करून तडे देत जाते. ते कसं, हे पाहायचं तर आधी त्या घराचा हिशेब मांडायला हवा. अगदी पौंडांच्या आकड्यांसह.

इंग्लंडच्या हार्टफर्डशायर परगण्यात लाँगबॉर्न नावाचं गाव. मेरिटन हे लहानसं बाजाराचं गाव तिथून मैलभरावर. लाँगबॉर्नची जमीन बेनेट घराण्याची. तिचं उत्पन्न वर्षाला २००० पौंड. त्या काळी ही खाऊनपिऊन सुखी घराची मिळकत होती. दारात घोडागाडी, घरात स्वयंपाकी, नोकरचाकर. पदरात पाच मुली. थोरली जेन बावीस वर्षांची. दुसरी एलिझाबेथ, अजून एकवीसही पूर्ण न झालेली. मग मेरी, मग किटी आणि सगळ्यांत धाकटी लिडिया, जेमतेम पंधरा वर्षांची. मुलगा नाही.

आणि इथेच सगळी मेख आहे. लाँगबॉर्नच्या जमिनीवर 'एन्टेल' होतं. पूर्वजांनी जमीन अशा अटीने बांधून ठेवलेली, की ती घराण्यातल्या पुरुष वारसाकडेच जावी. आताच्या मालकाने आयुष्यभर तिचं उत्पन्न खावं, पण ती विकू नये, वाटू नये, मुलींच्या नावावर करू नये. मुलगा नसल्यामुळे मिस्टर बेनेट यांच्या पश्चात हे घर जाणार होतं कॉलिन्स नावाच्या एका दूरच्या नातलगाकडे. म्हणजे वडिलांनी डोळे मिटले की आई आणि तिच्या मुली आपल्याच घरात परक्या. कॉलिन्सच्या मनात येईल त्या दिवशी त्यांनी बाहेर पडायचं.

मग त्यांच्या हाती काय राहणार? लग्नाच्या वेळी झालेल्या करारानुसार आई आणि मुली यांच्यासाठी मिळून ५००० पौंड ठेवलेले होते. शेकडा चार टक्क्यांनी त्याचं व्याज होतं वर्षाला २०० पौंड. ज्या घराला आज २००० लागतात, त्या घरातल्या सहा बायकांनी उद्या २०० मध्ये राहायचं. प्रत्येक मुलीच्या वाट्याला १००० पौंड, म्हणजे वर्षाचे ४० पौंड, आणि तेही आई गेल्यानंतर. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना हा आकडा तिच्या तोंडावर सांगतो. त्याचा उद्धटपणा आपल्याला खटकतो, पण त्याचा हिशेब बरोबर असतो.

पुरुषाने अशा वेळी काहीतरी धंदा केला असता. सैन्यात, आरमारात, वकिलीत किंवा चर्चमध्ये गेला असता. बेनेटांच्या थरातल्या मुलीला यातलं एकही दार उघडं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी गव्हर्नेस म्हणून राहणं, भावाच्या आश्रयाला राहणं किंवा लग्न. भाऊ तर यांना नव्हताच. त्यामुळे या घरात लग्न हा हौसेचा विषय नाही, तो डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. एवढं लक्षात ठेवून आता माणसांकडे वळू.

आधी बेनेटबाई. या मेरिटनमधल्या एका वकिलाच्या मुलगी. वडिलांनी त्यांना ४००० पौंड दिले होते. त्यांच्या बहिणीने वडिलांच्याच हाताखालच्या कारकुनाशी, फिलिप्सशी लग्न केलं आणि पुढे त्यानेच तो व्यवसाय चालवला. भाऊ गार्डिनर लंडनमध्ये व्यापार करतो, आणि गंमत म्हणजे अख्ख्या पुस्तकातल्या समंजस माणसांपैकी तो एक आहे. म्हणजे बाई जमीनदारांच्या घरात आल्या त्या एक पायरी खालून. तरुणपणी त्या सुंदर होत्या. समज बेताची, वाचन नाही, स्वभाव घडीत असा घडीत तसा. लेखिकेने हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट सांगून टाकलं आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचं आपल्यालाही कारण नाही.

त्यांचे डावपेच पाहा. शेजारच्या नेदरफील्ड बंगल्यात बिंग्ली नावाचा श्रीमंत तरुण राहायला येतो. वर्षाचं उत्पन्न चार-पाच हजार पौंड. त्याच्या बहिणी जेनला जेवायला बोलावतात. जेन घोडागाडी मागते. आई म्हणते, घोड्यावरून जा, पाऊस येणारसं दिसतंय, म्हणजे रात्री मुक्काम करावा लागेल. पाऊस येतो, जेन भिजते, तापाने पडते आणि मुक्काम चांगला लांबतो. पुढे नेदरफील्डच्या नाचाच्या रात्री या बाई जेवणाच्या टेबलावर मोठ्या आवाजात जेन आणि बिंग्ली यांच्या लग्नाच्या गोष्टी करतात. समोर डार्सी बसलेला. एलिझाबेथ शरमेने लाल होते, हळू बोल म्हणून आईला विनवते, आई ऐकत नाही. मुलीचं स्थळ पक्कं व्हावं म्हणून धडपडणारी ही बाई, आपल्या बोलण्याने तेच स्थळ मोडायला हातभार लावते. डार्सी पुढे बिंग्लीला लंडनमध्येच अडकवून ठेवतो, त्याच्या कारणांत या घराची वागणूक हेही एक कारण असतं.

इतकं असूनही एक गोष्ट उरतेच. त्यांची भीती खोटी नाही. घर जाणार, हे त्या घरात रोज उठून म्हणणारी तीच एक व्यक्ती आहे. तिला एन्टेल कायद्याच्या भाषेत कळत नाही. जेन आणि एलिझाबेथ पुन्हा पुन्हा समजावून थकतात. पण पाच मुली असताना घर एका परक्या माणसाला मिळणं हा अन्याय आहे, एवढं तिला पक्कं कळतं. हसणाऱ्या वाचकाने थोडं थांबून विचारावं, यात तिचं चुकलं काय?

आता वडील. मिस्टर बेनेट यांनी तरुणपणी एक सुंदर चेहरा पाहिला, त्यामागे गोड स्वभाव असेल असं गृहीत धरलं आणि लग्न केलं. थोड्याच काळात भ्रम फिटला. आदर, विश्वास, आपुलकी सगळं संपलं. अशा वेळी काही पुरुष दारूकडे वळतात, काही जुगाराकडे. हे पुस्तकांकडे वळले. वाचनाची खोली हा त्यांचा किल्ला. आणि बायकोचा मूर्खपणा ही त्यांची करमणूक. कादंबरीच्या सुरुवातीला बाई त्यांना विनवत असतात, बिंग्लीला भेटायला जा, तुम्ही गेल्याशिवाय आम्हाला जाता येणार नाही. ते साफ नकार देत राहतात. प्रत्यक्षात ते पहिल्यांदा भेटून येणाऱ्यांपैकी एक असतात. पण ते सांगायचं मात्र नाही, बायकोला तळमळू द्यायचं आणि मग संध्याकाळी हळूच गौप्यस्फोट करायचा. पहिल्या वाचनात आपल्याला यातली मजा दिसते. दुसऱ्या वाचनात जाणवतं, की तेवीस वर्षांच्या संसारानंतर या नवऱ्याला बायकोशी बोलायची ही एकच रीत उरली आहे. आणि हे चालतं पाच मुलींच्या देखत.

पैशाच्या बाबतीतही त्यांचं तेच. लग्न झालं तेव्हा मुलगा होईल हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मुलगा वयात आला की त्याच्या संमतीने एन्टेल मोडता येईल, मग बायकोची आणि बाकीच्या मुलांची सोय होईल. त्यामुळे शिल्लक टाकायचं कारण वाटलं नाही. एकामागून एक पाच मुली झाल्या. लिडियाच्या जन्मानंतरही कित्येक वर्षं बाई मुलाची वाट पाहत होत्या. ती आशा सुटली तेव्हा बचत सुरू करायला उशीर झाला, असं दोघांनी ठरवून टाकलं. बाईंना काटकसर ठाऊक नाही. नवऱ्याला कर्ज काढायला आवडत नाही, म्हणून खर्च उत्पन्नाच्या बाहेर गेला नाही, इतकंच. तेवीस वर्षांत दरसाल थोडे पौंड जरी बाजूला पडले असते, तरी मुलींचं चित्र वेगळं झालं असतं. बाई निदान ओरडत तरी होत्या. ज्यांच्या हातात काही करणं होतं, ते पुस्तकात तोंड घालून बसले.

अशा जोडप्याच्या पोटी वाढलेल्या पाच मुली पाहिल्या, की लेखिकेची नजर किती तीक्ष्ण आहे हे कळतं. एकाच घरातून पाच तऱ्हा निघाल्या आहेत, आणि प्रत्येकीत त्या घराचा काही ना काही अंश आहे.

जेन सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत शांत. कुणाबद्दलही वाईट विचार करायचा नाही, हा तिचा नेम. भांडणाऱ्या घरातली थोरली मुलगी पुष्कळदा अशी होते, सगळ्यांना सांभाळून घेणारी. पण याच सवयीपायी तिच्या मनातलं प्रेम बिंग्लीला दिसत नाही. एलिझाबेथ वडिलांची लाडकी आणि आईची सर्वांत नावडती. वडिलांची तल्लख बुद्धी तिच्यात आली, आणि माणसांकडे गंमत म्हणून पाहण्याची सवयही. मेरी पाचजणींत दिसायला डावी, म्हणून तिने विद्वत्तेचा आणि पियानोचा मार्ग धरला. तिच्यात कष्ट आहेत, पण त्यांना वळण लावणारं कुणी नाही. किटी लिडियाहून दोन वर्षांनी मोठी असूनही तिच्या मागे मागे फिरणारी. आणि लिडिया म्हणजे आईची तरुणपणीची आवृत्ती. तोच उत्साह, तेच लाल डगल्यातल्या लष्करी अधिकाऱ्यांचं वेड. म्हणूनच ती आईचा जीव की प्राण.

मेरीचा एक प्रसंग मला नेहमी टोचतो. त्याच नाचाच्या रात्री ती लोकांपुढे गायला बसते. आवाज बेताचा, थाट मोठा. एक गाणं होतं, ती दुसरं सुरू करते. एलिझाबेथ नजरेनेच वडिलांना खुणावते, हिला थांबवा. वडील थांबवतात, पण कसं? सगळ्यांना ऐकू जाईल असा टोमणा मारून. पोर कानकोंडी होते. एलिझाबेथला मेरीची कीव येते आणि वडिलांच्या बोलण्याचं वाईट वाटतं. शेजारी बसून हळूच सांगितलं असतं तर भागलं असतं. पण या गृहस्थांना मुलीची अब्रू आणि चुरचुरीत वाक्य यांत निवड करायची झाली, की ते वाक्य निवडतात.

या मुलींचं शिक्षणही असंच, ज्याचं त्याने पाहावं. घरी कधी गव्हर्नेस ठेवली नाही. जिला शिकायचं ती शिकली, जिला उंडारायचं ती उंडारली. लेडी कॅथरीन या बड्या बाईंना हे ऐकून धक्का बसतो. त्या आढ्यताखोर आहेत, त्यामुळे आपण एलिझाबेथची बाजू घेतो. पण त्यांच्या प्रश्नात तथ्य होतं, हे लिडियाच्या वेळी कळतं.

या घरात खरा आधार आहे तो जेन आणि एलिझाबेथ यांचा एकमेकींना. रात्री झोपण्याआधीच्या त्यांच्या गप्पा हाच त्या घरातला शहाणपणाचा संवाद. लेखिकेने हे नातं कुठून आणलं, हे शोधायला लांब जावं लागत नाही. तिची स्वतःची थोरली बहीण कसँड्रा ही तिची आयुष्यभराची सोबतीण होती. दोघीही अविवाहित राहिल्या, आणि आज ऑस्टिनची जी पत्रं उपलब्ध आहेत, त्यांतली बहुतेक कसँड्राला लिहिलेली आहेत.

आता कॉलिन्सची मागणी. हा पाद्री स्वतःवर खूश, वरिष्ठांपुढे लोटांगण घालणारा, बोलायला लागला की थांबत नाही. पण घराचा भावी मालक तोच. तो ठरवून येतो, की पाचातल्या एकीशी लग्न करून या कुटुंबाचं नुकसान भरून काढू. तो एलिझाबेथला विचारतो. ती नकार देते. आई आकांत करते, मुलीचं तोंड पाहणार नाही म्हणते. वडील मुलीच्या बाजूने उभे राहतात, तेही एक झकास विनोद करून. प्रत्येक वाचक इथे सुटकेचा श्वास टाकतो.

मात्र आईच्या जागी उभं राहून पाहिलं तर? एका होकाराने घर वाचलं असतं. आईला, चार बहिणींना मरेपर्यंत आसरा मिळाला असता. तीन दिवसांच्या आत एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस हाच कॉलिन्स पदरात पाडून घेते. ती सत्तावीस वर्षांची आहे, देखणी नाही, पैसा नाही. तिला माणूस कसा आहे हे नीट कळतं आणि तरीही ती हो म्हणते. लेखिका तिला दुष्ट ठरवत नाही. तिचा संसार आपल्याला दाखवते. स्वतःची बसायची खोली मागच्या बाजूला निवडून, नवऱ्याला बागेत रमवून ठेवून, शार्लट आपलं बरं चालवते. मग एलिझाबेथचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. ती ज्या घरात वाढली, तिथे एकमेकांबद्दल आदर नसलेला संसार कसा असतो, हे तिने वीस वर्षं रोज पाहिलं होतं. घर वाचवण्यासाठी तसंच दुसरं घर उभारायचं तिने नाकारलं. त्या नकाराची किंमत मोठी होती, आणि ती फक्त तिने एकटीने मोजायची नव्हती. लेखिका दोन्ही बाजू खऱ्या ठेवते, म्हणून दोनशे वर्षांनीही आपण यावर वाद घालू शकतो.

वडिलांच्या विनोदाची किंमत वसूल होते ती लिडियाच्या वेळी. मेरिटनमधली पलटण ब्रायटनला जाते. कर्नलची तरुण बायको लिडियाला सोबत बोलावते. एलिझाबेथ वडिलांच्या खोलीत जाऊन गंभीरपणे सांगते, हिला पाठवू नका, हिला आता आवरलं नाही तर ही स्वतःचं आणि आम्हा सगळ्यांचं नाव घालवील. वडील ऐकून घेतात, प्रेमाने तिचा हात हातात घेतात आणि मुद्दा हसण्यावारी नेतात. लिडिया कुठेतरी शोभा करून घेतल्याशिवाय राहणार नाही, मग फारसा खर्च न होता ती ब्रायटनला झालेली बरी. शिवाय तिला घरी ठेवलं तर ती घरात शांतता राहू देणार नाही. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या भवितव्यापेक्षा आपली दुपारची शांतता मोठी.

काही आठवड्यांतच लिडिया विकम नावाच्या कर्जबाजारी, लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून जाते, आणि लग्न न करता त्याच्याबरोबर लंडनमध्ये राहते. त्या समाजात याचा अर्थ एकीचा नाश नव्हता. पाचहीजणींची लग्नं संपली, असा होता. कॉलिन्स तर पत्र लिहून कळवतो, की ही मुलगी मेली असती तर बरं झालं असतं. आई खोलीत जाऊन पडते, सगळ्या जगाला दोष देते, फक्त लिडियाचे लाड आपणच केले हे सोडून. इथे बाईंनाही सूट देता येत नाही. पलटणीच्या मागे मुलीला नादावण्यात त्यांचाच उत्साह सर्वांत मोठा होता.

वडील लंडनहून हात हलवत परततात. आणि मग चहाच्या वेळी ते एलिझाबेथला सांगतात, की दोष माझा आहे, आणि तो मला एकदा तरी नीट जाणवू दे. तुझा सल्ला बरोबर होता, हेही कबूल करतात. त्या क्षणी ते किती उंच वाटतात! पण लगेच पुढे म्हणतात, की काळजी नको, ही जाणीव फार काळ टिकणार नाही. स्वतःला इतकं अचूक ओळखणारा आणि तरीही स्वतःला न बदलणारा माणूस. मला वाटतं, बेनेटांचं शोकपर्व कुठे असेल तर ते इथे आहे. बाईंना अक्कल नाही म्हणून त्या चुकतात. यांना सगळं कळतं, तरीही हे काही करत नाहीत.

पुढे तडजोड होते. डार्सी गुपचूप विकमचं हजाराहून जास्त पौंडांचं कर्ज फेडतो, वर आणखी हजार पौंड देतो, त्याला सैन्यात जागा घेऊन देतो आणि लग्न लावून देतो. वडिलांच्या वाट्याला येतात वर्षाचे फक्त १०० पौंड. ते हिशेब करतात, की लिडियाच्या खाण्यापिण्याला आणि हातखर्चाला जवळजवळ तेवढे लागतच होते, म्हणजे वर्षाला दहा पौंडांचाही तोटा नाही. आता आपण आधीच शिल्लक टाकली असती तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येतं. गार्डिनरने पैसे भरले असं समजून ते परतफेडीचा विचार करतात. खरे पैसे डार्सीचे होते हे शेवटी कळतं, तेव्हा त्यांना हायसं वाटतं. प्रेमात पडलेला जावई काही पैसे मागणार नाही! विनोद पुन्हा जागेवर येतो.

आणि आई? लग्न ठरल्याची बातमी येताच अंथरुणातून उठून लिडियाच्या लग्नाच्या कपड्यांची यादी करू लागते. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न झालं, एवढंच तिच्या डोक्यात. कसं झालं, कुणाशी झालं, हा विचार नाही.

वडिलांबद्दल एलिझाबेथच्या मनात काय होतं? तिचं त्यांच्यावर प्रेम होतं आणि ते शेवटपर्यंत राहतं. पण लिडिया ब्रायटनला गेल्यानंतर लेखिकेने एक छोटं चिंतन घातलं आहे, ते मला या कादंबरीचा कणा वाटतं. वडील नवरा म्हणून चुकीचं वागतात, बायकोला तिच्याच मुलींच्या नजरेतून उतरवतात, हे एलिझाबेथला पहिल्यापासून दिसत होतं. ती ते विसरायचा प्रयत्न करी, कारण त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. आता ते विसरणं तिला जमेनासं होतं. मधल्या काळात डार्सीच्या पत्रानेही तिला सुनावलेलं असतं, की तुमच्या आईची आणि धाकट्या बहिणींची वागणूक अशोभनीय आहे, आणि कधीकधी वडिलांचीही. आईबद्दलचा शेरा तिला नवा नव्हता. वडिलांचं नाव त्या यादीत पाहणं मात्र कठीण गेलं असणार. ज्या पालकाने आपल्याला हसायला शिकवलं, त्याच्या हसण्यामागे आळस होता, हे उमजणं सोपं नसतं.

म्हणूनच शेवटाकडे येणारी बापलेकीची भेट इतकी भिडते. डार्सीने मागणी घातली आहे, वर्षाला १०००० पौंडांचा माणूस. वडील एलिझाबेथला खोलीत बोलावतात. तिला तो आवडत नाही, अशीच त्यांची समजूत. सुरुवातीची चेष्टा ओसरते आणि ते कळवळून सांगतात, की ज्याच्याबद्दल आदर वाटणार नाही अशा माणसाशी लग्न करू नकोस, ते दुःख मला पाहायला लावू नकोस. आपल्या संसाराचं नाव ते घेत नाहीत. पण ते कशाबद्दल बोलताहेत, हे दोघांनाही कळतं. तेवीस वर्षं थट्टेत झाकलेलं सत्य एकदाच, लाडक्या मुलीपुरतं बाहेर येतं.

शेवटी सगळं गोड होतं, असं आपण म्हणतो. पण लेखिकेने माहेराचं काय केलं ते पाहा. जेन आणि बिंग्ली नेदरफील्डला वर्षभरच राहतात, सासूबाईंचं इतकं जवळ असणं त्या दोघांच्या गोड स्वभावालाही पेलत नाही. ते डार्बीशायरजवळ, एलिझाबेथच्या घरापासून तीस मैलांच्या आत घर घेतात. किटी थोरल्या बहिणींकडे राहू लागते आणि सुधारते. मेरी घरी राहते, आणि देखण्या बहिणींशी तुलना थांबल्यामुळे तीही बऱ्यापैकी खुलते. लिडिया आणि विकम कर्जात आणि उसनवारीत. वडिलांना एलिझाबेथची आठवण येते, की ते न कळवता तिच्या घरी जाऊन थडकतात. सुधारणा झाली ती त्या घरापासून दूर गेल्यावर. लाँगबॉर्न स्वतः बदललं नाही.

या सगळ्यामागे जेन ऑस्टिनचं स्वतःचं आयुष्य उभं आहे. ती पाद्र्याची मुलगी, १७७५ साली जन्मलेली. तिचे वडील मिस्टर बेनेटांसारखे नव्हते. १७९७ साली त्यांनी लेकीच्या कादंबरीसाठी एका प्रकाशकाला स्वतः पत्र लिहिलं, ती बहुधा याच कादंबरीची पहिली आवृत्ती. प्रकाशकाने पाहायलाही नकार दिला. १८०२ च्या डिसेंबरमध्ये एका मोठ्या जमीनदाराच्या वारसाने तिला मागणी घातली. घरच्यांच्या आठवणींनुसार तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पना एलिझाबेथ आणि शार्लट या दोघींना शेजारी ठेवून करता येते. १८०५ मध्ये वडील वारले. आई आणि दोघी बहिणींचं उत्पन्न एकदम आटलं. भावांनी वर्गणी करावी तसे पैसे दिले. काही वर्षं त्या इथून तिथे राहत होत्या. १८०९ मध्ये भाऊ एडवर्ड याने चॉटन गावातलं एक घर त्यांना राहायला दिलं, तेव्हा कुठे स्थिरता आली. तिथेच तिने जुनं हस्तलिखित पुन्हा हाती घेतलं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सगळे हक्क तिने ११० पौंडांना विकले. विकमला सासऱ्याकडून दरसाल मिळणार होते, त्याहून दहाच पौंड जास्त. बेनेटबाईंची भीती तिला ऐकीव नव्हती. ती तिच्या घरात घडून गेली होती.

१९८५ साली दूरदर्शनवर 'तृष्णा' ही मालिका आली, २००४ साली 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' हा चित्रपट आला. दोन्ही याच कथेवर बेतलेल्या. आपल्याकडे ही कथा इतकी सहज रुजते याचं कारण उघड आहे. उपवर मुली, स्थळांची चौकशी, आईचा घोर, यांतलं काहीच आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि घरात एकाने काळजी करायची, दुसऱ्याने त्या काळजीवर विनोद करायचे, ही वाटणीही आपल्या ओळखीची आहे. काळजी करणारं माणूस हळूहळू कटकटं होतं, कारण त्याचं कुणी ऐकत नाही. विनोद करणारं माणूस सगळ्यांना आवडतं, कारण त्याच्यावर कशाचाच भार नसतो. मुलं कुणाच्या बाजूला जातात, हे सांगायला नको.

२०२५ साली जेन ऑस्टिनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली. तिची ही कादंबरी पुन्हा हाती घेणार असाल, तर माझी एकच विनंती आहे. बेनेटबाईंना जरूर हसा, त्या हसण्याजोग्याच आहेत. फक्त दर वेळी हसून झालं, की त्या कशाबद्दल बोलत होत्या ते एकदा आठवा. आणि वाचनाच्या खोलीचं दार त्या वेळी बंद होतं का, तेही पाहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)